'थेट'चा लाल दिवा

मी बोलतोय, आणि थेट बोलतोय. मला दुसऱ्या तऱ्हेने बोलताच येत नाही, कारण माझ्या काचेवर हाच शब्द लिहिलेला आहे.

लाल दिवा म्हटलं की लोकांना बड्या माणसाची गाडी आठवते, नाहीतर चौकातला सिग्नल. मी त्या जातीचा नाही. मी एका टीव्ही केंद्राच्या स्टुडिओतला दिवा. रात्री अकरा वाजून पाच मिनिटांनी तिथून 'अकरानंतर' नावाचा गाण्याचा कार्यक्रम लागायचा. तो चालू असेपर्यंत मी पेटलेला असायचो. मी पेटलोय याचा अर्थ एवढाच, की तुम्हाला जे ऐकू येतंय ते आत्ता, या क्षणी, कुणाच्या तरी गळ्यातून नाहीतर बोटांतून निघतंय.

सव्वीस वर्षं मी हे काम इमानाने केलं. सत्ताविसाव्या वर्षी माझ्याकडून खोटं वदवून घेतलं गेलं. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. तुम्हाला गोडगोड आत्मवृत्त ऐकायचं असेल तर एखाद्या फुलदाणीकडे जा.

माझा जन्मच मुळी चुकीने सुरू झाला. एका पत्रेवाल्याने माझी पेटी ठोकली आणि पुढे लाल काच बसवली. मग काचेवर शब्द लिहायला मला एका पेंटरच्या दुकानात पाठवलं. काय लिहायचं ते केंद्रातल्या कारकुनाने चिठ्ठीवर खरडून दिलं होतं. त्या कारकुनाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यात पेंटर त्या आठवड्यात भेटवस्तूंच्या दुकानाच्या पाट्या रंगवत होता. त्याने चिठ्ठी एकदा वाचली आणि काळ्या रंगात झोकात लिहिलं: भेट.

दुसऱ्या दिवशी कारकून मला न्यायला आला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, मी 'थेट' लिहिलं होतं."

"हा थ आहे?" पेंटरने चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "याला जर थ म्हणत असतील, तर मग मी शाळेत उगाच मार खाल्ला."

वाद थोडा वेळ चालला. मग पेंटरने ब्लेडने भ खरवडला. पुरता निघाला नाहीच. काच न पुसता त्याच डागावर त्याने थ काढला आणि म्हणाला, "वर भिंतीवर तर लावणार. दुरून कुणाला काय कळतंय?"

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मला ते आयुष्यात पुन्हा ऐकावं लागलं, आणि तेव्हा ते इतकं निरुपद्रवी नव्हतं.

स्टुडिओत मला दोन खोल्यांमधल्या भिंतीत बसवलं. समोर मोठं दालन. त्यात गाणारे-वाजवणारे, तीन कॅमेरे आणि बाकांवर बसलेले साठ प्रेक्षक. मागे काचेच्या खिडकीपलीकडे आवाजाची छोटी खोली. माझ्या पेटीला मागून हवेसाठी भोकं होती, त्यामुळे मला दोन्हीकडचं दिसायचं आणि ऐकूही यायचं. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. माझ्याखाली मात्र कानसेन बसायचे.

कानसेन म्हणजे आवाजाचं काम बघणारे गृहस्थ. किडकिडीत अंगकाठी, आणि कान मात्र दोघांना पुरतील एवढे. तंबोऱ्याची एक तार केसभर उतरली तरी यांची भुवई वर जायची. केंद्रातले लोक म्हणायचे, "तानसेन येतात नि जातात, कानसेन आपला एकच." त्यांच्या समोर खालीवर सरकणाऱ्या पट्ट्यांचं भलंमोठं यंत्र होतं, आणि त्याच्या कडेला पितळेचं एक जुनं बटण. ते बटण माझं. मला पेटवायचा अधिकार फक्त कानसेनांना होता.

त्यांची एक रीत होती. अकरा वाजून चार मिनिटांनी ते दालनात बोलायच्या छोट्या माईकशी वाकायचे. तो माईक फक्त दालनात ऐकू यायचा, घराघरात नाही. त्यात ते म्हणायचे, "मंडळी, खोकून घ्या. दिवा लागला की तुमचा खोकलासुद्धा घराघरात जाईल."

लोक हसायचे आणि मग खरंच साठच्या साठ जण खोकून घ्यायचे. गाणारा खोकायचा, तबलजी खाकरायचा, कॅमेरावालासुद्धा घसा साफ करायचा. मग शांतता व्हायची. कानसेन बटण दाबायचे आणि मी लागायचो. ती शांतता मला फार आवडायची, कारण तिच्यात सगळे घाबरलेले असायचे. आता चुकलं तर चुकलं, मागे फिरता येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

आणि चुकायचंही. एकदा बासरीवाल्याला ऐन आलापात शिंक आली. एकदा ढोलकीवाल्याचं स्टूल मोडलं, तर पठ्ठ्याने उरलेलं गाणं उकिडवं बसून वाजवलं. एक नावाजलेला गवई दुसरं कडवं साफ विसरला, आणि बाकावरच्या एका आजोबांनी ते बसल्या जागेवरून म्हणून दाखवलं. गवयाने त्यांना हात जोडले आणि पुढे गायला लागला. दुसऱ्या दिवशी गावभर त्याच्या गाण्यापेक्षा त्या हात जोडण्याची चर्चा होती. असल्या रात्री मी काठोकाठ पेटायचो.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एक बाई गायला यायच्या. त्या दिवसा शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायच्या, म्हणून त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. सुती साडी, हातावर खडूची भुकटी, आणि पिशवीत तपासायच्या वह्या. तालीम आणि कार्यक्रम यांच्यामध्ये त्या कोपऱ्यात बसून शुद्धलेखन तपासत बसायच्या. आवाज मोठा गोड वगैरे नव्हता, खरं सांगतो. थोडा खरबरीत होता. पण वरच्या पट्टीत त्या अशा काही जायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, आता हा सूर तुटणार. आणि तो तुटायचा नाही. एकोणीस वर्षं लोक तो सूर ऐकायला झोप मोडून जागे राहिले.

मग नवे साहेब आले.

नव्या साहेबांचे बूट चकचकीत होते आणि बोलणं त्याहून चकचकीत. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "हे शिंका-खोकल्यांचं प्रकरण आता बंद करायचं. लोकांना थेट नको असतं हो. लोकांना थेटसारखं हवं असतं."

थेटसारखं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुधासारखं पांढरं पाणी चहात घातलं तर चालेल का तुम्हाला? पण खोलीतल्या सगळ्या माना डोलल्या. सगळ्यात आधी डोलली ती निवेदकाची. त्याला केंद्रात सगळे गोडबोल्या म्हणायचे. ज्याची खुर्ची उंच, त्याचं म्हणणं त्याला पटायचं. कानसेनांची एकट्याची डोलली नाही. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

तो शुक्रवार आला. बाईंना सर्दी झाली होती. संध्याकाळी पाचला तालीम झाली तेव्हा गळा बरा होता. साहेबांनी ती तालीम गुपचूप टेपवर घ्यायला लावली होती. नवाच्या सुमारास बाईंचा घसा बसायला लागला, आणि साहेब आवाजाच्या खोलीत आले.

"तालीम झकास झालीय," ते म्हणाले. "तीच लावून द्या. बाई नुसतं तोंड हलवतील. साथीदार हात हलवतील. दुरून कुणाला काय कळतंय?"

सांगितलं होतं ना, लक्षात ठेवा म्हणून.

बाईंना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी तोंड हलवणार नाही. बसलेल्या गळ्याने गाईन. लोक ऐकतील, नाहीतर टीव्ही बंद करून झोपतील. त्यात काय एवढं?"

"मग आज तुमच्याऐवजी दुसरं काही लावू. आजच काय, पुढेही," साहेब म्हणाले. मग कानसेनांकडे वळून म्हणाले, "आणि ज्यांना नवी पद्धत जमत नाही, त्यांनी लवकर घरी बसावं. मी अडवणार नाही."

कानसेनांनी हेडफोन काढून यंत्रावर ठेवला. बराच वेळ त्या हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "बाई, एकदाच."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांना त्यांनी आणखी दहा वेळा नाही म्हटलं असतं. पण एकोणीस वर्षं या माणसाने त्यांचा एकेक सूर सांभाळून घराघरात पोचवला होता. त्या दालनात गेल्या.

अकरा वाजून चार मिनिटं झाली. कानसेन त्या छोट्या माईकशी वाकले, आणि पुन्हा सरळ बसले. खोकून घ्या असं ते म्हणालेच नाहीत. म्हणतील कशाला? दालनातलं काही बाहेर जाणारच नव्हतं. सगळे माईक मुके होते. मग त्यांनी एका हाताने टेप चालू केली आणि दुसऱ्या हाताने मला पेटवलं.

मी पेटलो. हे मला आधी कबूल केलं पाहिजे, मगच दुसऱ्यांवर रागवायचा मला अधिकार आहे. दिव्याच्या हातात फारसं काही नसतं, पण बल्ब उडवून घेणं तरी असतं. मी उडवून घेतला नाही. सव्वीस वर्षांची सवय, बटण दाबलं की लागायचं. कपाळावर 'थेट' मिरवत मी शिळं गाणं विकायला उभा राहिलो.

पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्या कडव्यात, वरच्या पट्टीतला तो सूर यायच्या जरा आधी, बाईंना खोकला आला. दाबून पाहिला, दाबला जाईना. त्यांनी तोंडावर पदर धरला, कमरेत वाकल्या आणि खोकत राहिल्या.

बाई खोकल्या, आणि गाणं चालूच राहिलं.

त्यांचाच आवाज, निवांत, वरच्या पट्टीत चढत गेला. बाई पदरात तोंड खुपसून खोकताहेत आणि त्यांचा सूर भिंतींवरून, पडद्यावरून, घराघरांतून तरंगतोय. शेवटच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळंच दालन हसलं. साहेबांनी कॅमेरा गोडबोल्यावर वळवायला लावला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाईंनी पदर खाली घेतला आणि वर माझ्याकडे पाहिलं. कानसेनांकडे नाही, माझ्याकडे. मी अजून पेटलेलाच होतो.

शनिवार-रविवार गावभर एकच विषय. चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, दवाखान्याच्या बाकावर. "म्हणजे इतकी वर्षं टेपच लावत होत्या की काय?" "तरीच म्हटलं, एवढ्या वरचा सूर कधी तुटत कसा नाही." उचलली जीभ, लावली टाळ्याला. ज्यांनी एकोणीस वर्षं झोप मोडून ऐकलं, तेच आता हसत होते. केंद्रातल्या वायरमनने डबा खाताना कानसेनांना हे सगळं सांगितलं, आणि अर्धा डबा तसाच बंद केला.

सोमवारी संध्याकाळी बाई केंद्रावर आल्या. गाण्याचा दिवस नव्हता. तडक आवाजाच्या खोलीत आल्या आणि उभ्या राहिल्या. कानसेनांनी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"आज वर्गात कविता म्हणायला सांगितली," त्या म्हणाल्या. "एक्केचाळीस मुलं आहेत. सगळी उभी राहिली आणि नुसती तोंडं हलवली. आवाजच नाही. मला क्षणभर वाटलं, माझे कान गेले. मग मागची मुलगी हसली, तेव्हा कळलं."

कानसेन खाली बघत होते.

"उद्या मुख्याध्यापिकांनी बोलावलंय. पालकांचं म्हणणं आहे, खोटं वागणारी बाई मुलांना काय शिकवणार." त्यांचा आवाज अजून बसलेला होता. "मला तुमच्याकडून दुसरं काही नको. मी नाही म्हटलं होतं, एवढं एकदा लोकांना कळू दे. बस्स."

कानसेनांनी रिकामी खुर्ची मागे ओढली. बाई गेल्या.

त्या गेल्यावर तासाभराने साहेब एक टेप घेऊन आले. केंद्राचं निवेदन! गोडबोल्याच्या आवाजात दुपारीच भरून ठेवलेलं. माफी मागताना सुद्धा यांना शिंकेची भीती. साहेबांनी ती ऐकवली. गोडबोल्या लोण्यासारख्या आवाजात सांगत होता, की प्रकृती ठीक नसल्याने 'गायिकेच्याच आग्रहावरून' शुक्रवारी ध्वनिमुद्रित गीत ऐकवण्यात आलं, रसिकांची जी गैरसोय झाली तिच्याबद्दल केंद्र दिलगीर आहे.

गायिकेच्याच आग्रहावरून! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मला तळपाय नाहीत, पण असते तर त्यांची आग मस्तकात गेली असती.

"ही अकरा पाचला लावायची," साहेब म्हणाले. "आणि दिवा लावायला विसरू नका. मनापासून मागितल्यासारखी वाटली पाहिजे."

साहेब गेल्यावर कानसेन उठले. यंत्राच्या मागे गेले. गुडघ्यांवर बसून त्यांनी एक वायर एका भोकातून काढली आणि शेजारच्या भोकात घातली. एवढंच. पण आता तो छोटा माईक, जो फक्त दालनात ऐकू यायचा, दालनाबरोबर घराघरातही ऐकू जाणार होता. मागे काय चाललंय ते वायरमनने दारातून पाहिलं. जाताना त्याने दाराची कडी आतल्या बाजूला सरकवून ठेवली, म्हणजे नुसती ओढली की बसेल.

अकरा वाजून चार मिनिटं. कानसेनांनी कडी ओढली. मग माईकशी वाकून म्हणाले, "मंडळी, खोकून घ्या."

दालनातले कॅमेरावाले चमकले. त्या रात्री नुसतं निवेदन होतं, गाणं नव्हतंच, मग खोकायचं कशाला? पण खोकले. कानसेनही खोकले. मग त्यांनी मला पेटवलं.

गोडबोल्याचं निवेदन सुरू झालं. 'प्रकृती ठीक नसल्याने' इथपर्यंत आलं, आणि कानसेनांनी टेपची पट्टी अलगद खाली ओढली. गोडबोल्या पाण्यात बुडाल्यासारखा गप्प झाला.

"नमस्कार," कानसेन म्हणाले. "मी इथे आवाजाचं काम बघतो. शुक्रवारी टेप मी लावली. साहेबांनी सांगितली म्हणून लावली. बाई नाही म्हणत होत्या. बसलेल्या गळ्याने गाईन म्हणत होत्या. मीच त्यांना एकदाच म्हणून गळ घातली. त्याआधी एकोणीस वर्षं त्या इथे गायल्या, त्यातला एकेक सूर माझ्या कानांदेखत निघालेला आहे. आत्ता मधेच थांबवली ती माफी टेपवरची होती. हे मी आत्ता बोलतोय."

बाहेरून दारावर धक्के बसायला लागले होते. कानसेन गडबडले, पुढचं वाक्य विसरले, नुसतेच "एवढंच" म्हणाले. मग कुणीतरी बाहेरून मुख्य वीज तोडली, आणि आम्ही सगळे एकदमच विझलो.

ते माझं सगळ्यात उजळ अर्धं मिनिट. त्यात सूर नव्हता, ताल नव्हता, शेवटचं वाक्य तर पुरं सुद्धा नव्हतं. पण शुक्रवारी माझ्या काचेवर बसलेली घाण त्याने थोडी तरी पुसली.

दार उघडल्यावर साहेब ओरडले, "काय दिवे लावलेत हे?"

एकच लावला होता, आणि तो मी होतो.

तुम्हाला वाटेल, सत्याचा विजय झाला. तसं काही होत नसतं. दुसऱ्या दिवशी केंद्राने सांगितलं, की 'तांत्रिक बिघाडामुळे' काल भलताच आवाज प्रक्षेपित झाला, प्रेक्षकांनी त्याकडे दुर्लक्ष करावं. आणि प्रेक्षकांनी केलं! माणसांना कानाडोळा करायला कुणी शिकवावं लागत नाही. सव्वीस वर्षं ज्याच्या कानांनी त्यांनी गाणं ऐकलं, तो माणूस म्हणजे तांत्रिक बिघाड. आठवड्याच्या आत कानसेनांना नारळ मिळाला.

माझीही गरज संपली. माझ्या जागी प्लॅस्टिकची नवी पाटी आली, ती सकाळपासून पेटलेलीच असायची. झाडूवाला केर काढतोय, आणि वर 'थेट'. असल्या थेटवर दिवे ओवाळा. मला उतरवून एका खोक्यात टाकलं. कानसेन आपला डबा आणि छत्री न्यायला आले तेव्हा मी साहेबांच्या टेबलाशेजारी पडलो होतो. साहेबांनी मला उचललं, उजेडात धरलं आणि मोठ्याने हसले. इतक्या वर्षांच्या उष्णतेने माझ्या थचा रंग पोपडे होऊन गळला होता. घाणेरड्या काचेवर काढलेलं अक्षर किती टिकणार? खालचा, ब्लेडने अर्धवट खरवडलेला भ वर आला होता.

"वाचा काय लिहिलंय," साहेब म्हणाले. "भेट. घ्या, तुम्हालाच."

कानसेनांनी मला काखेत घेतलं आणि निघाले.

घरी कानसेनांच्या बायकोने दार उघडलं. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जन्मभर तिकडे दिवे लावलेत, आता एक घरी आणलात," ती म्हणाली, आणि मला कपाटावर ठेवून दिलं. ती रागावलेली होती, पण नवऱ्यावर नाही. त्या रात्री अकराला तिने टीव्हीची वायर भिंतीतून काढली आणि गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकली.

चार महिने मी कपाटावर होतो. कानसेन खिडकीत बसायचे. ज्या माणसाला केसभर उतरलेली तार कळायची, त्याला आता कुकरची शिट्टी ऐकू येईना. एक दिवस बायको म्हणाली, "अहो, दिव्याकडे बघून काय होणारे? त्या बाईंकडे जाऊन या. सगळ्या गावाला सांगितलंत, पण त्यांना कुठे काही म्हणालात?"

त्यांनी मला जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि बाईंच्या घरी नेलं. तिसरा मजला, अरुंद जिना. बाई जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत होत्या. तपकिरी कव्हरांचे दोन गठ्ठे, लाल पेन.

"शाळेत ठीक आहे ना?" कानसेनांनी विचारलं.

"नोकरी राहिली. तीन मुलींच्या आयांनी तुमचं बोलणं ऐकलं होतं, त्या मुख्याध्यापिकांना भेटल्या. बाकीच्यांनी तांत्रिक बिघाडच ऐकला." बाईंनी एक वही मिटली. "मुलं अजून तोंडं हलवतात. रोज नाही. अधूनमधून."

"आणि गाणं?"

"नाही."

बाईंनी पुढची वही उघडली. मग बाई म्हणाल्या, "मी साहेबांना घाबरून उभी राहिले नव्हते. तुम्ही एकदाच म्हणालात, म्हणून उभी राहिले."

"माहीत आहे," कानसेन म्हणाले. "माझं चुकलं. त्या रात्री आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, गावाला मागून."

त्यांनी टॉवेल सोडला. बाईंनी मला जवळ ओढून वाचलं. "भेट?"

"थेट आहे ते. रंग उडालाय."

बाईंनी लाल पेनाने माझ्या काचेवर टिचकी मारली. शुद्धलेखनाची चूक सापडली की त्या वहीवर मारायच्या, तशीच. "वर्गात वीज आहे," त्या म्हणाल्या. "उद्या अकराला येऊन लावून द्या. सकाळी अकराला. उशीर करू नका या वेळी."

आता मी चौथीच्या वर्गात फळ्याच्या वर आहे. कानसेनांनीच मला लावलं, पितळेच्या बटणासकट. ते बटण त्यांनी कुठून मिळवलं ते मी विचारलं नाही, पण वायरमन अधूनमधून त्यांच्याकडे जेवायला असतो.

मी म्हातारा झालोय. पत्रा गंजलाय, अंगावर खडूची धूळ बसते, आणि राग तसाच आहे. पलीकडे कुठेतरी ती प्लॅस्टिकची पाटी अजून दिवसरात्र पेटतेय, आणि तिच्याखाली माणसं तोंडं हलवताहेत. तुमच्याकडे माझं मागणं एकच. मला विझवायचं तर खुशाल विझवा, भंगारात घाला, माझ्या पेटीत खिळे ठेवा. पण खोटं चाललेलं असताना मला लावू नका. आणि तसा कुणी लावलेला दिसला, तर दुर्लक्ष करू नका.

पहिल्या दिवशी बाई वर्गात आल्या तेव्हा मुलं माझ्याकडे बोटं दाखवत होती.

"बाई, भेट लिहिलंय. कुणाची भेट?"

"नीट वाचा," बाई म्हणाल्या. "पुसलेलं अक्षर पण वाचायचं असतं."

मग त्यांनी नियम सांगितला. दिवा लागला की जो उभा आहे त्याने म्हणायचं. चुकलं तर चुकलं, मधे थांबला तर थांबला, कुणी हसायचं नाही. "पहिली पाळी माझी," त्या म्हणाल्या. मागच्या बाकावरच्या दोन मुली एकमेकींकडे बघून तोंड हलवायच्या बेतात होत्या. कानसेन दाराशी हात मागे बांधून उभे होते.

"खोकून घ्या," बाई म्हणाल्या.

एक्केचाळीस मुलं दणकून खोकली. बाईंनी बटण दाबलं आणि चार महिन्यांनी गायला लागल्या. गळा गंजला होता. पहिलं कडवं कसंबसं झालं. दुसऱ्या कडव्यात सूर वर चढायला लागला, आणि खडूची भुकटी घशात गेली.

बाई खोकल्या, आणि गाणं थांबलं.